कुंडलिक सरांना पडलेली शून्य मतं

पाचवी चिठ्ठी उघडली आणि तिच्यावरही माझंच नाव निघालं.

सुजाता मॅडमनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मग बिस्किटाचा पत्र्याचा डबा, म्हणजे आमची मतपेटी, उपडा केला आणि बुडावर दोन थापा मारल्या. जुन्या बिस्किटाचा चुरा पडला. मत काही पडलं नाही. मतदार पाच, मतं पाच, आणि पाचही मला. समोरच्या उमेदवाराला शून्य. समोरचे उमेदवार म्हणजे कुंडलिक सर. परिषद त्यांनीच काढली, घटना त्यांनीच लिहिली, त्या डब्याच्या झाकणाला खाच त्यांनीच पाडली, आणि पहिल्या दिवसापासून अध्यक्षही तेच होते.

बाहेर रस्त्यावर जीपवाला "हिंगोली, हिंगोली" ओरडत होता.

सरांनी चष्मा पुसला आणि पेनाचं टोपण काढलं. सभेत काय झालं ते वहीत तेच लिहायचे, कारण दुसऱ्या कोणाचं अक्षर त्यांना पटत नसे.

"शून्य अंकात लिहायचं की अक्षरात?" त्यांनी विचारलं.

"घटनेत काय आहे?" मॅडम हळूच म्हणाल्या.

"दोन्ही." आणि त्यांनी दोन्ही लिहिलं.

कुंडलिक सर माझे शेजारी. सेनगावात आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पण इतिहासापेक्षा त्यांना सभा जास्त आवडते. चार माणसं रीतसर बसली, एकानं प्रस्ताव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं आणि तिसऱ्यानं ते लिहून घेतलं, की त्यांचं पोट भरतं.

बाजारात मेथी घेतानाही ते म्हणतात, "जुडी जरा मोठी द्यावी, असा मी प्रस्ताव मांडतो." मग वळून मागच्या गिऱ्हाईकाला विचारतात, "अनुमोदन?" आता लोकांना सवय झाली आहे. मागची बाई म्हणते, "देल्लं सर अनुमोदन, पण बाजूला सरका."

एकदा मोकाट वळू त्यांच्या अंगणात शिरला आणि दोरीवरचा सदरा चावायला लागला. मी भिंतीवरून ओरडले, "सर, काठी घ्या." सर ओट्यावर ताठ उभे राहिले आणि वळूला म्हणाले, "माझी हरकत आहे." वळूनं बाहीसकट सदरा खाल्ला. सरांनी आत जाऊन हरकत वहीत नोंदवली.

लग्न केलं नाही. काहून केलं नाही, असं मी तोंडावर विचारलं होतं. मला असलं विचारायला लाज वाटत नाही. ते म्हणाले, "प्रस्ताव मांडला होता. अनुमोदन मिळालं नाही." पुढं विचारलं तर म्हणाले, "विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय घ्यावा."

माझी आणि त्यांची ओळख दगडामुळे झाली. तोवर ते नुसते शेजारी होते. माझ्या परसात धुण्याचा एक दगड होता. सासूही त्याच्यावरच धुवायची. दगडावर चित्रं कोरलेली, त्यामुळे तो खरबरीत आणि मळ झटकन निघायचा. एका सकाळी सर भिंतीपलीकडे दात घासत होते. त्यांचं लक्ष दगडाकडे गेलं आणि तोंडातला फेस तसाच राहिला.

"गयाबाई, थांबा. हात वर करा."

मला वाटलं साप आहे. मी हात वर केले. सर भिंत ओलांडून आले, म्हणजे ओलांडायला गेले आणि माझ्या बादलीत पाय घालून उभे राहिले.

"हा वीरगळ आहे," ते म्हणाले. "गावची गुरं चोरांपासून वाचवताना एक वीर मेला. त्याच्या आठवणीचा हा दगड. खाली तो लढतो आहे, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत, वर तो महादेवाची पूजा करतो आहे."

"मंग त्याचं नाक कुठं हाय?" मी विचारलं.

सर वाकून बघायला लागले.

"नाक मी घासून टाकलं असल," मी म्हणाले. "मालकाच्या सदऱ्याच्या कॉलरा मी त्याच्यावरच घासत होते. चाळीस वर्षं."

सर बादलीतच खाली बसले.

पुढे वीराला उचलून माझ्या दारापाशी उभं केलं. बाजूला सरांनी पाटी लावली: स्पर्श करू नये. मी म्हणाले, पाटी वाचून माझं धुणं होत नाही, मला दगड पाहिजे. सरांनी कयाधू नदीच्या काठावरून सपाट काळा दगड ट्रॅक्टरवर घालून आणला. मी म्हणाले, नळाजवळ टाका. त्यांनी तो भिंतीला लावून टाकला, नळापासून वीस पावलं लांब. मी बोंबलले तर नळाला लांब पाईप जोडून दिला, पण दगड हलवला नाही. बदल्यात मला परिषदेची आजीव सभासद केलं. वीरगळ अभ्यास परिषद. माझं शिक्षण चौथी. तसं मी सांगितलं, तर म्हणाले, "वीरगळाशी तुमच्याएवढा संबंध जिल्ह्यात कोणाचा आला नसेल."

सभासद पाच. सर आणि मी. सुजाता मॅडम, ज्या इथल्या कॉलेजात शिकवतात. आमच्यात खरा अभ्यास त्यांचाच. त्यांचे वडील विहारात लेकरांच्या शिकवण्या घ्यायचे, आणि चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय सोडायची नाही हा गुण त्यांच्याकडून आला आहे. चौथे हट्टा गावचे रावसाहेब. त्यांच्या शेतात नांगरताना दगड निघाला, आणि ते सभासद झाल्याशिवाय सर बांधावरून उठेनात. रावसाहेब दरवर्षी जेवणासाठी येतात आणि तसं मोकळं सांगतात. पाचवा दत्ता, रिटायर कंडक्टर. सगळं आयुष्य एसटीच्या दारात उभं राहून गेल्यामुळे कुठल्या गावाच्या कुठल्या वळणावर कुठला दगड आहे ते त्याला पाठ आहे. "नर्सीच्या अलीकडं, डाव्या हाताला, बाभळीखाली," असं तो डोळे मिटून सांगतो.

घटनेप्रमाणे सभेला पाच सभासद हजर पाहिजेत. तेवढे नसले तर कोरम नाही, आणि कोरम नाही तर सभा नाही. सरांनी घटना लिहिली तेव्हा पन्नास सभासद होतील असा त्यांचा अंदाज होता. झाले पाच. त्यामुळे एकाला खोकला झाला तरी परिषद बंद.

तूर काढून झाली की आमचं वार्षिक अधिवेशन असतं, सरांच्या बैठकीच्या खोलीत. तयारी दिवाळीपासून चालते. स्वागत समिती, मंच समिती, भोजन समिती, निवास समिती, प्रसिद्धी समिती, शिस्तपालन समिती. माणसं पाच आणि समित्या सहा. निवासाला फक्त रावसाहेब, आणि तेही पाचच्या जीपनं हट्ट्याला परत जाणार. तरी एक बाज घालून वर चादर अंथरून "निवास" असं कार्ड ठेवतात. रावसाहेब जेवण झालं की दहा मिनिटं तिच्यावर आडवे होतात, सरांना बरं वाटावं म्हणून.

दोन तखत जोडून मंच करतात. मंचावर अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि सूत्रसंचालक असे चौघं. समोर मी. एकदा मी नुसती जांभई दिली, तर मंचावरून सूचना आली, "प्रेक्षकांनी शांतता राखावी."

निबंध वाचणाऱ्याला आठ मिनिटं. आठ झाली की सर देवघरातली घंटी वाजवतात. स्वतःचं भाषण असलं तरी वाजवतात. एका हातानं घंटी वाजवून म्हणतात, "वक्त्यांनी आवरतं घ्यावं." मग स्वतःच म्हणतात, "अध्यक्षांच्या परवानगीनं अजून दोन मिनिटं." मग जरा विचार करून स्वतःला परवानगी देतात. एकदा त्यांनी ती नाकारली होती, आणि खरंच खाली बसले.

निवडणूक दरवर्षी. सरांना बिनविरोध चालत नाही. "बिनविरोध म्हणजे लोकशाहीला झोप लागली," असं ते म्हणतात. म्हणून दरवर्षी आमच्यातल्या कोणाला तरी धरून ते स्वतःच्या विरोधात उभं करतात, त्याचा अर्ज स्वतः भरतात, त्याला चिन्ह देतात आणि मग त्याला पाडतात.

गेल्या वर्षी दत्ताला उभं केलं. त्यानं स्वतःचं मतही सरांनाच दिलं, आणि त्याला एकच मत पडलं. दत्ता उठला, चप्पल घातली आणि घरी गेला. पुढच्या तीन बैठका कोरमअभावी तहकूब. सर दर वेळी सतरंजी अंथरायचे, पाच कप मांडायचे, अर्धा तास दाराकडे बघत बसायचे, वहीत "तहकूब" लिहायचे आणि सतरंजी गुंडाळायचे. हे मी भिंतीवरून तीनदा बघितलं. शेवटी मीच दत्ताच्या घरी गेले.

"काहून येऊन नाही राहिला?" मी विचारलं.

"मावशी, हजारो लोकायला तिकीट फाडून दिले म्या. आन मला एक मत?"

"तुला मत पाहिजे का इज्जत?"

"दोन्ही."

"दोन्ही न्हाई भेटत. चल, कोरम तुटून राहिला."

आला. पण तेव्हापासून सगळ्यांनी मनात धसका घेतला, की पुढं जो कोणी पडेल तो असाच रुसून बसेल आणि परिषद मरेल.

या वर्षी सरांनी मला उभं केलं. त्यांचं चिन्ह दौत, माझं धुण्याचा दगड. दगडाचं चित्र त्यांनीच काढलं, आणि ते भाकरीसारखं दिसत होतं. तीन दिवस आचारसंहिता. मी रोज दुपारी भिंतीवरून त्यांना कढीची वाटी देते. ती त्यांनी परत केली. "उमेदवारानं मतदाराला काही देणं घटनेत बसत नाही." मी म्हणाले, मग मीच पिते. तर म्हणाले, "उमेदवारानं काय खावं यावर बंधन नाही." भिंतीपलीकडे उभे राहून त्यांनी मला ती पिताना बघितलं.

त्याच आठवड्यात माझ्या पोरानं धुण्याचं यंत्र आणलं. सून म्हणाली, "आत्या, आता दगडाला सुट्टी." सर बघायला आले. यंत्राभोवती एक फेरी मारली.

"हे आवाज करतं का?"

"न्हाई," सून म्हणाली. "लईच झालं तर गुणगुणतं. शेजाऱ्याला कळत बी न्हाई."

"मुद्द्याची नोंद घेतली," सर म्हणाले आणि चहा न घेता गेले. मला वाटलं, आचारसंहिता असेल.

मग अधिवेशनाचा दिवस. सकाळच्या सत्रात मतदान. मी चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं. खोटं काहून सांगू? बाकी कोणी देणार नाही हे दिसत होतं, आणि या वयात शून्य मतं घेऊन मला घरी जायचं नव्हतं.

आणि मग ते झालं, जे मी पहिल्या ओळीत सांगितलं.

सरांनी शून्य दोन्ही प्रकारे लिहून झाल्यावर दत्ता खाकरला. "मी म्हणलं, मावशीला एखादं तरी मत पडावं."

रावसाहेबांनी टोपी काढली. "मी बी तसंच केलं. भाकर बनवणारी बाई. रुसली तर पुढच्या साली खायचं काय?"

सुजाता मॅडम मान खाली घालून म्हणाल्या, "मला वाटलं, बाकी सगळे सरांनाच देणार आहेत. कोरमचा विचार केला मी."

"चार झाले," मी म्हणाले. "माझं धरून. पाचवं कोणाचं?"

"माझं," सर म्हणाले. "स्वतःला मत देणं मला शोभत नाही. दरवर्षी समोरच्याला पडणारं एक मत माझंच असतं."

दत्तानं त्यांच्याकडे असं बघितलं की विचारू नका. वर्षभर तो त्या एका मताच्या धन्याला शोधत होता. एकदा रस्त्यात त्यानं रावसाहेबांना मिठीही मारली होती.

"फेरमतदान घ्या," मॅडम म्हणाल्या.

"घटनेत बसत नाही," सर म्हणाले. "निकाल लागला. अध्यक्षांनी मंचावर यावं."

मी मंचावर गेले. सर खाली उतरले आणि माझ्या जागेवर, सतरंजीवर बसले. एवढी वर्षं तिथं बसून मला कधी वाटलं नव्हतं की ती जागा एवढी लांब आहे.

जेवणाला वरण, पोळ्या, वांग्याची भाजी आणि ठरावानं मंजूर झालेली जिलबी होती. सर जेवले नाहीत. कोपऱ्यात बसून ते काहीतरी लिहीत होते. जवळ जाऊन बघितलं तर अध्यक्षीय भाषणाच्या छापील प्रती. बावीस पानांचं भाषण त्यांनी हिंगोलीहून छापून आणलं होतं आणि मुखपृष्ठावर अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव होतं. प्रत्येक प्रतीवर ते स्वतःच्या नावावर पट्टीनं सरळ रेघ मारत होते आणि खाली सुंदर अक्षरात माझं नाव लिहीत होते.

"जेवा की," मी म्हणाले.

"एवढं झालं की."

"तुमी लिहिलेलं भाषण मी काहून वाचू?"

"समारोपाला अध्यक्षांचं भाषण असतं. घटनेत आहे. अध्यक्ष तुम्ही आहात."

समारोपाला मी उभी राहिले आणि वाचायला लागले. जोडाक्षर आलं की मी थांबते. सरांच्या भाषणात जोडाक्षरं फार. दुसऱ्या पानाला पोचायच्या आत घंटी वाजली. सर खालून म्हणाले, "वक्त्यांनी आवरतं घ्यावं." मग मला डोळ्यांनी खूण केली. मी म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीनं," आणि मीच मला परवानगी दिली.

तेवढ्यात रावसाहेबांनी घड्याळ बघितलं. जीप पाचची. मी मधली पानं धरली आणि एकदम उलटली.

"असं करता येत नाही," सर उठले. "घटनेत बसत नाही."

"मी अध्यक्ष हाय. बसा."

ते बसले. मग पान कितवं ते त्यांना दिसलं आणि ते पुन्हा उठले. "शेवटचं पान राहू द्या. ते मी... ते तेवढं महत्त्वाचं नाही."

मी वाचलं. मला जसं दिसलं तसं लिहिते. "शेवटी अध्यक्ष आजीव सभासद गयाबाई यांचे आभार मानू इच्छितात."

स्वतःचेच आभार मानायला मला कसंतरी वाटलं, पण छापलेलं होतं.

"गयाबाई रोज सकाळी भिंतीलगत धुणे आपटतात. अध्यक्ष एकटे राहतात. पहिला फटका ऐकू आला की अध्यक्षांना समजते की उजाडले आणि उठायला हरकत नाही. गयाबाई गावाला जातात त्या दिवशी अध्यक्ष पडून राहतात. याची नोंद घ्यावी."

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा जोडाक्षरांमुळे नीट कळलं नव्हतं.

दत्तानं खिडकीकडे तोंड केलं. रावसाहेब जीपचं विसरले. सर सतरंजीचा एक दोरा ओढत बसले होते.

"म्हणून दगड भिंतीला लावला व्हय," मी म्हणाले.

"तिथं पाण्याचा निचरा चांगला होतो."

"तिथं चिखल होतो, सर."

"मुद्द्याची नोंद घेतली."

मग मी अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडला, की सरांनी आधी जेवावं. अनुमोदन चौघांनी एकदम दिलं, त्यातले एक स्वतः सर होते. चुकून. जिलबी संपली होती. रावसाहेबांनी हातरुमालात बांधून ठेवलेली काढून दिली.

मी अजून अध्यक्ष आहे. सर सरचिटणीस आहेत आणि मी कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवतात. येत्या वर्षी ते माझ्याविरुद्ध उभे राहणार आहेत. माझं मत कोणाला, ते सांगणार नाही, आचारसंहिता आहे. यंत्र घरात आहे. चादरी आणि पोराचे कपडे त्यात जातात. लुगडी मी सकाळी दगडावर आपटते. यंत्रात लुगड्याला पीळ पडतो, असं सुनेला सांगितलं आहे. पडत नाही.

त्या दिवशीच्या वहीत सरांनी शेवटी लिहिलं आहे ते खरं आहे. हजर: कुंडलिक सर, सुजाता मॅडम, हट्ट्याचे रावसाहेब, दत्ता कंडक्टर आणि मी. एकूण पाच.